पेठेतल्या मंडळांनीही दाखवा

आपल्या कोल्हापूरच्या मुलानं एकट्यानं सहा मिनिटांचा ॲनिमेशनपट केला आणि आधी इथल्याच लोकांना दाखवला, हे वाचून ऊर भरून आला. सहा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. म्हणजे हातानं काढलेले चार हजारांवर कागद! शाहू स्मारकला तो दाखवला तेव्हा मी होतो. म्हातारी पदर खोचून चूल फुंकते, तिथं धुरासोबत पेन्सिलीची रेघही थरथरते. पुढं बसलेली पोरं ‘परत लावा’ म्हणून ओरडत होती. १९२९ ला ‘प्रभात’ फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. पडद्याचं वेड या गावाला नवं नाही. गणपतीत मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या मंडळांनी एक संध्याकाळ या ॲनिमेशनपटाला द्यावी. तीही मानधन देऊन, फुकट नको.