‘युद्ध अटळ होतं’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही

टीव्हीवरच्या चर्चेत, कमेंट्समध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कुठल्याही युद्धाचा विषय निघाला की कुणीतरी शांतपणे सांगतंच, अहो हे होणारच होतं, आज ना उद्या, अटळच होतं. आधी मलाही ते पटायचं. पण १९१४ चा जुलै महिना मी एकदा तारीखवार वाचून काढला आणि तेव्हापासून हा शब्द कुणी वापरला की मला राग येतो, खरंच येतो.

२८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला, गोळ्या झाडणारा सर्ब तरुण गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा होता, एवढं आपण सगळे शाळेत शिकलोय. पण तिथून धडा एकदम ‘आणि महायुद्ध पेटलं’ वर उडी मारतो. मधला महिना गायब. आणि जे काय घडलं ते त्याच महिन्यात घडलं! जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला सांगून टाकलं की तुम्हाला सर्बियाचं जे करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली आणि अटी अशा घातल्या की त्या मान्य होऊच नयेत. तरी सर्बियाने बऱ्याचशा मान्य केल्या. ते उत्तर २८ तारखेला सकाळी जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मने वाचलं आणि त्याच कागदावर लिहून ठेवलं की आता युद्धाला काही कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

पुढचं तर वाचवत नाही. कैसर आणि रशियाचा झार निकोलस हे नात्यातले भाऊ, एकमेकांना तारा पाठवतायत, थांबव रे म्हणून. झारने २९ तारखेच्या रात्री संपूर्ण सैन्य गोळा करायचा हुकूम थांबवलासुद्धा, पण दुसऱ्या दिवशी सेनापती आणि मंत्री मागे लागले आणि त्याने तो परत दिला. १ ऑगस्टला कैसर आपल्या सेनाप्रमुखाला, मोल्ट्केला विचारतो की फ्रान्सला सोडून फक्त रशियाशी लढता येईल का, तर मोल्ट्के म्हणतो शक्य नाही, कारण लाखो सैनिकांना फ्रान्सकडच्या सरहद्दीवर नेणाऱ्या गाड्यांचं नियोजन वर्षभर खपून केलंय, ते एका रात्रीत फिरवता येणार नाही. म्हणजे एका देशावर हल्ला का करायचा, तर गाड्यांचं वेळापत्रक तसं बनलंय म्हणून.

आता कुणी म्हणेल की साम्राज्यांची स्पर्धा होती, नौदलाची चढाओढ होती, एकमेकांत गुंतलेले करार होते. होतेच की. पण ही सगळी कारणं १९११ मध्ये मोरोक्कोवरून तणाव झाला तेव्हाही होती आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होती. तेव्हा मोठं युद्ध टळलं, कारण त्या वेळी ते टाळायचं ठरवणारे लोक खुर्चीवर होते. मोठी कारणं वर्षानुवर्षं पडून असतात, पण त्यांचं युद्ध कुठल्या दिवशी होणार हे टेबलाभोवती बसलेली दहा-बारा माणसं ठरवतात.

आणि ती माणसं ठरवताना कसला विचार करतात? बऱ्याचदा घरच्या राजकारणाचा. १९८२ चं अर्जेंटिना बघा. महागाई, बेकारी, लष्करी राजवटीने गायब केलेली हजारो माणसं, लोक वैतागलेले. ३० मार्चला ब्युनोस आयर्समध्ये राजवटीविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, पोलिसांनी झोडपलं, धरपकड केली. २ एप्रिलला लष्करशहा गाल्टिएरीच्या सैन्याने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली आणि तिथल्याच प्लाझा दे मायो चौकात गर्दी जल्लोष करत होती. तीन दिवसांत! १४ जूनला अर्जेंटिनाची ब्रिटनपुढे शरणागती, त्याच आठवड्यात गाल्टिएरी गेला, पुढच्या वर्षी तिथे निवडणूक होऊन लोकशाही आली आणि तिकडे ब्रिटनमध्ये पंतप्रधान थॅचरबाई दणदणीत बहुमताने परत निवडून आल्या. दोन्ही बाजूंचे मिळून ९०० च्या आसपास लोक मेले.

इराकचं तर काय बोलायचं. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत बसून जगाला सांगितलं की सद्दामकडे महासंहारक शस्त्रं आहेत. नव्हती. पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करतो तो २३ मे २००३ चा आदेश. तिथला अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर याने इराकचं अख्खं सैन्य एका कागदावर बरखास्त केलं. लाखो शस्त्र चालवता येणारी माणसं, घरी बसली, पगार नाही, मान नाही. पुढे आयसिस या दहशतवादी संघटनेच्या कमांडरांमध्ये सद्दामच्या सैन्यातले जुने अधिकारी सापडले आणि जून २०१४ मध्ये इराकचं मोसुल शहर आयसिसच्या हाती पडलं. तिकडे सीरिया पेटलेलाच होता, त्याची कारणं वेगळी होती मान्य आहे, पण आयसिसने त्यात तेल ओतलं, २०१५ मध्ये लाखो निर्वासित युरोपात पोचले आणि २०१७ ला जर्मनीच्या संसदेत एएफडी हा कडवा उजवा पक्ष ९४ जागा घेऊन पहिल्यांदा आत आला. बगदादमधल्या सहीचा बर्लिनच्या मतपेटीशी संबंध आहे हे त्या सैनिकालाही माहीत नसेल आणि त्या मतदारालाही.

युद्धाचा हा भाग आपण फार कमी बोलतो. किती रणगाडे उडाले, कोण किती किलोमीटर पुढे सरकलं हे रोज कळतं, पण युद्धाच्या नावाखाली सरकारने जे अधिकार घेतले ते परत केले का, हे कोण विचारतं? पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय सैनिक परदेशात पाठवले गेले, ७४,००० च्या आसपास मेले. १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा आला, युद्धापुरता म्हणून. नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं आणि मार्च १९१९ मध्ये इंग्रजांनी तेच अधिकार शांततेच्या काळातही चालू ठेवायला रौलट कायदा आणला. महिन्याभरात जालियनवाला बाग झाली. जे लोक युद्धात बाजूने लढले त्यांच्यावरच!

अमेरिकेने सप्टेंबर २००१ मध्ये लष्करी बळ वापरायची परवानगी देणारा ठराव केला, त्याचं मुख्य वाक्य इंग्रजीत जेमतेम ६० शब्दांचं. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी पास. ते एक मत खासदार बार्बरा ली यांचं, त्यांना धमक्या आल्या, देशद्रोही म्हटलं गेलं. त्या एवढंच म्हणत होत्या की इतका मोकळा अधिकार कुणालाच देऊ नका. नंतर दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी तो ठराव अफगाणिस्तानपासून सोमालियापर्यंत वापरला, अशा संघटनांविरुद्धही वापरला ज्या २००१ मध्ये अस्तित्वातच नव्हत्या.

मग हे थांबवणार कोण, तर म्हणे संयुक्त राष्ट्रं. १९४५ मध्ये जिंकलेल्या पाच देशांनी स्वतःकडे व्हेटो, म्हणजे एकट्याने ठराव पाडायचा अधिकार, ठेवला आणि आजही जगाचा कारभार त्या दुसऱ्या महायुद्धाच्या निकालावर चालतो. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्धचा ठराव रशियाने व्हेटो केला, तेव्हा सुरक्षा परिषदेचं त्या महिन्याचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. ८ डिसेंबर २०२३ ला गाझात युद्धबंदीची मागणी करणारा ठराव १३ देशांनी उचलून धरला आणि अमेरिकेने व्हेटो केला. दोन्ही वेळी नियमाप्रमाणेच झालं सगळं. हेच तर भयंकर आहे.

आणि लहान देश यातून काय शिकतायत त्याची मला जास्त भीती वाटते. १९९४ च्या बुडापेस्ट करारात युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडली, बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटनने सीमांचा मान राखू असं लिहून दिलं. (ती डागण्याचं नियंत्रण मॉस्कोकडे होतं हे खरं, पण आश्वासन ते आश्वासन.) २०१४ ला क्रिमिया गेला. लिबियाच्या गद्दाफीने २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडला, २०११ मध्ये तो मारला गेला. उत्तर कोरियाने बॉम्ब बनवला, ठेवला, आणि त्यांच्यावर कुणी चालून गेलं नाही. आता कुठल्या तोंडाने कुणाला सांगणार की शस्त्र खाली ठेव?

मी काही लष्करी तज्ज्ञ नाही. देशावर हल्ला झाला तर लढावं लागतं हेही मला मान्य आहे, युक्रेनच्या माणसाला शांततेवर लेक्चर द्यायची माझी लायकी नाही. पण हल्ला करायचा निर्णय घेणाऱ्याला मतदान करून, नावानिशी, संसदेत जबाबदार धरता यायला हवं आणि युद्धासाठी घेतलेल्या प्रत्येक अधिकारावर संपायची तारीख छापलेली हवी, एवढं मागणं जास्त आहे का?

पटत नसेल तर खाली जरूर लिहा, वाद घाला, मी वाचतो सगळं. फक्त ‘अटळ’ लिहिणार असाल तर कुणी आणि कुठल्या तारखेला ठरवलं तेही सोबत लिहा.