त्या नट्यांना पश्चात्ताप झाला होता, असं कोण म्हणतं?

जुन्या मराठी नट्यांचे कृष्णधवल फोटो जोडलेला एक मजकूर सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो मावशीने पाठवला. तिने तो माझ्या भाचीसाठीच पाठवला होता, कारण ही पोरगी दोन वर्षं एकांकिका करतेय आणि आता तिला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंय. मजकुराचा आशय असा: दुर्गा खोटे, लीला चिटणीस, शांता आपटे, हंसा वाडकर यांनी प्रसिद्धीच्या मोहापायी घरदार सोडलं, त्यामुळे त्यांचे संसार मोडले, म्हातारपणी त्या एकाकी पडल्या, आणि हे सगळं त्यांनीच आपापल्या पुस्तकांत पश्चात्तापाने लिहून ठेवलंय. तेव्हा मुलींनी वेळीच शहाणं व्हावं.

मावशीवर माझा राग नाही. काळजीपोटी पाठवलंय तिने. पण या बायकांच्या नावावर न बोललेलं बोलणं खपवलं जातंय, ते मला सहन होत नाही.

पहिला मुद्दा प्रसिद्धीच्या मोहाचा. दुर्गाबाई मुंबईच्या सॉलिसिटर पांडुरंगराव लाडांची लेक, कॉलेजात शिकलेली, श्रीमंत खोट्यांच्या घरात दिलेली. त्या घराची आर्थिक घडी विस्कटली आणि पदरात दोन मुलगे. आधी त्यांनी शिकवण्या करून पाहिल्या. त्यातून घर चालेना म्हणून 1931 साली एका चित्रपटातलं छोटंसं काम घेतलं. त्या चित्रपटाच्या जाहिरातीत त्यांच्या अभिनयाबद्दल काही नव्हतं. सॉलिसिटर लाडांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर येतेय, हे मात्र ठळक होतं. म्हणजे बाईची गरज दहा मिनिटांच्या कामाची आणि विकलं गेलं दोन घराण्यांचं नाव! चित्रपट सुमार निघाला आणि नातेवाइकांनी आणि समाजाने बोल लावला तो दुर्गाबाईंना. कुणीही तिथेच थांबलं असतं. त्यांनी पुढच्याच वर्षी प्रभात या चित्रपट कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती केली, तीही मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्यांत, स्वतःच्या गळ्याने गात. पार्श्वगायन तेव्हा आलंच नव्हतं. मोहापायी घर सोडलेली बाई अशी असते? घर उभं ठेवायला बाहेर पडलेली बाई अशी असते.

लीलाबाईंचंही तेच. धारवाडच्या प्राध्यापकाची मुलगी, बी.ए. झालेली, नवऱ्यापासून वेगळं व्हावं लागल्यावर शाळेत शिकवत आणि नाटकांतून कामं करत पोरं वाढवली. त्यांच्याही पहिल्या चित्रपटांपैकी एकाची जाहिरात ‘महाराष्ट्रातली पडद्यावरची पहिली पदवीधर स्त्री’ अशी झाली होती. घराण्याचं नाव नाही तर पदवी, काहीतरी विकायचंच.

दुसरा मुद्दा, कामामुळे संसार मोडले. इथे काळाचा क्रमच उलटा लावलाय. दुर्गाबाईंच्या घरचे पैसे आधी गेले, मग चित्रपट आला. लीलाबाईंचं लग्न आधी विसकटलं, मग मुंबईची बॉम्बे टॉकीज ही चित्रपट कंपनी आली. तिथला त्यांचा ‘कंगन’ 1939 चा. अशोककुमारबरोबर त्यात नायिका म्हणून उभ्या राहिल्या तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि मुलांची आई होत्या. 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी म्हणून त्यांचंच नाव घेतात. जाता जाता सांगायला हवं की याच लीलाबाई 1948 च्या ‘शहीद’मध्ये दिलीपकुमारची आई झाल्या, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. यांच्यावर अन्याय झालाच असेल तर तो इथे शोधा. बाईला पस्तिशीनंतर थेट आईच्या भूमिकेत ढकलण्याची ती सवय अजून सुटलेली नाही.

आता तिसरा मुद्दा, पुस्तकांतला पश्चात्ताप. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण खोटेपणा सगळ्यात जास्त इथे आहे.

शांता आपट्यांचं पुस्तक 1940 चं. ‘जाऊ मी सिनेमात?’ हे शीर्षक उचलून मजकूरवाला म्हणतो, बघा, त्यांनाच प्रश्न पडला होता. पण हे पुस्तक लिहिण्याच्या आदल्या वर्षी त्या कुठे बसल्या होत्या? पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी, उपोषणाला. ‘कुंकू’सारखं चित्र गाजवलेली नायिका, स्वतःच्या कंपनीच्या दारात, करारावरून. त्या काळच्या लोकांना धक्का बसला असणार यात नवल नाही. त्याच बाईने पुढच्या वर्षी लिहिलं ते सिनेमाकडे एक धंदा म्हणून बघून: त्यात मेहनत कुणाची, नफा कुणाचा, अंग झिजेपर्यंत राबवून घेणारा कोण. मुलींनो जाऊ नका, असा सूर नाही त्यात. जाल तर कुठे जाताय ते ओळखून जा, असा आहे. कामगाराने कारखान्याबद्दल लिहिलं तर आपण त्याला मागणी म्हणतो, नटीने लिहिलं की पश्चात्ताप?

आणि हंसाबाई. मजकुरात सगळ्यात लांब परिच्छेद त्यांच्यावर आहे, आणि एक गोष्ट मी मान्य करतो: दुःख त्यांच्या पुस्तकात खरंच आहे, पानोपानी आहे. 1970 साली आलेलं ‘सांगत्ये ऐका’ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मध्येच मिटून ठेवलं होतं, पुढे जाववेना. पत्रकार अरुण साधूंनी शब्दांकन केलं असलं तरी बोलणं हंसाबाईंचंच वाटतं, समोर बसून सांगितल्यासारखं. पण ते दुःख कशाचं आहे ते नीट वाचा. रतन साळगावकर नावाची मुलगी, घरात पैसे हवेत म्हणून शाळेच्या वयात स्टुडिओत गेली, हंसा वाडकर झाली. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं, सुटलो आता, घर करू, चूल-मूल बघू. म्हणजे मजकूरवाल्याला जे हवंय तेच तर ती मागत होती! ते तिला मिळालं नाही, कारण ती कमवत होती आणि तिच्या कमाईवर जगणाऱ्यांना ती थांबायला नको होती. कंपन्यांशी बोलणी नवरा करणार, पैसे नवरा घेणार, काम हिने करायचं. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’ अशी चित्रं करून, महाराष्ट्रभर नाव होऊनही स्वतःच्या पैशाला तिचा हात लागत नव्हता. तिचा संसार कामाने मोडला नाही. तिला कामाला जुंपणाऱ्यांनी तिला संसार करू दिला नाही.

आणि त्या कामाबद्दल तिने काय केलं? 1959 साली तिचं काम असलेला, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला, पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात शंभरावर आठवडे चालला. पुढे स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सांगताना तिने पुस्तकाला नाव दिलं ते त्याच चित्राचं. ज्या कामाची लाज वाटते, पस्तावा वाटतो, त्याचं नाव कुणी आपल्या आयुष्याला देतं का?

मला शंका आहे की मजकूर लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलंच नाही, त्याने ‘भूमिका’ पाहिलाय. श्याम बेनेगल यांचा 1977 चा, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. थोर चित्रपट आहे, पण तो हंसाबाईंच्या पुस्तकावर बेतलेला आहे. त्यातली नायिका उषा आहे. हॉटेलच्या खोलीत एकटी बसलेली ती शेवटची स्मिता पाटील डोळ्यांत राहते, आणि तीच हंसा वाडकर असं लोक धरून चालतात.

चौथा मुद्दा एकाकी मरणाचा. लीलाबाई 2003 साली अमेरिकेत, डॅनबरीच्या शुश्रूषागृहात वारल्या, हे खरं. वय त्र्याण्णव. मुलांजवळ राहायला म्हणून त्या तिकडे गेल्या होत्या. त्र्याण्णवाव्या वर्षी शुश्रूषागृहात जाणं ही काय चित्रपटात काम केल्याची शिक्षा? जन्मभर शाळेत शिकवलेल्या, जन्मभर फक्त घर केलेल्या बायकाही तिथेच असतात. दुर्गाबाईंचं तर सांगायलाच नको. ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई पंचावन्नाव्या वर्षी, फाळके पुरस्कार 1983 चा, आणि त्र्याऐंशी वर्षांच्या असताना त्यांच्या संस्थेने दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ ही मालिका केली. मोठं दुःख त्यांच्याही वाट्याला आलं, धाकटा मुलगा हरीन तरुण वयात गेला. ते दुःख आईचं आहे. त्यात नटीपणाचा दोष शोधणं निर्दयपणाचं आहे, आणि एवढं मात्र मी मावशीला फोन करून स्पष्ट सांगितलं.

राहिला बोध. मुलींनी यातून शिकावं म्हणता, तर शिकण्यासारखं आहेच. करारावर सही कोण करतंय, तारखा कोण देतंय, पैसे कुणाच्या खात्यात जाताहेत. शांताबाई फाटकापाशी बसल्या त्या यासाठी, आणि हंसाबाईंचं आयुष्य गेलं ते इथेच.

भाचीला मागच्या आठवड्यात एका मालिकेत दोन दिवसांचं काम मिळालं. करार माझ्याकडे घेऊन आली. पैसे नव्वद दिवसांनी, अशी ओळ होती, तिच्याखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती. बँकेच्या तपशिलाच्या रकान्यात घरच्यांनी तिच्या बाबांचा खाते क्रमांक भरून दिला होता, सोयीचं पडतं म्हणून. तो तिने खोडून स्वतःचा घातला होता. ‘हंसाबाई अर्धी वाचून झालीय,’ म्हणाली, ‘उरलेली दोन दिवसांत परत देते.’