सर्वोच्च बिंदूला झेनिथ म्हणत नाहीत

स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून फिरणारा मजकूर असा: "वर फेकलेली वस्तू जिथवर चढते त्या बिंदूला झेनिथ म्हणतात. अपभू हा शब्द फक्त उपग्रहांसाठी. झेनिथला वेग आणि त्वरण दोन्ही शून्य होतात, म्हणून वस्तू थांबते."

झेनिथ म्हणजे आपलं खस्वस्तिक: बघणाऱ्याच्या बरोबर डोक्यावरचा आकाशातला बिंदू. बघणारा दुसऱ्या गावी गेला की तो बदलतो. चेंडू किती चढला याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

अपभूचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मार्गातला सर्वांत दूरचा बिंदू तो अपभू. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर चेंडूचा मार्गही लंबवर्तुळाचाच तुकडा असतो. उरलेलं लंबवर्तुळ जमिनीखाली जातं, इतकंच. शाळेत आपण त्याला अन्वस्त (पॅराबोला) म्हणतो, कारण दहा-वीस मीटरांत गुरुत्वाची दिशा आणि मान बदलल्याचं जाणवत नाही. म्हणून केरळातल्या थुंब्याहून उडणारे रोहिणी अग्निबाण कक्षेत जात नसले तरी त्यांच्या सर्वोच्च बिंदूला अपभू म्हणणं बरोबरच आहे. चेंडूसाठी मात्र तो शब्द फार भारदस्त. 'सर्वोच्च बिंदू' पुरे.

आकडे वाचताना एक सांभाळावं. उपग्रहाचं अपभू सहसा जमिनीपासून सांगतात, चंद्राचं पृथ्वीच्या केंद्रापासून. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 पोचलं ती कक्षा सुमारे 170 × 36,500 किमीची. केंद्रापासून मोजलं तर त्या 36,500 चे जवळपास 42,900 होतात. वेग काढायच्या सूत्रात 36,500 तसेच घातले की उत्तर चुकलंच.

आता 'थांबते'. वेग शून्य होतो तो सरळ वर फेकलं तरच. 20 मी/से वेगाने 45 अंशांत फेकलेला चेंडू 1.44 सेकंदांत 10.2 मीटरवर पोचतो आणि तिथेही 14.1 मी/से वेगाने पुढे सरकत असतो. चांद्रयानाचा त्या अपभूवरचा वेग सेकंदाला सुमारे 1.6 किमी होता.

त्वरण तर शून्य होतच नाही; झालं असतं तर सरळ वर फेकलेला चेंडू तिथेच लटकून राहिला असता. उलट, असा चेंडू चढताना हवेचा अडथळा त्याचं खालच्या दिशेचं त्वरण वाढवतो, उतरताना कमी करतो. ते नेमकं 9.8 मी/से² भरतं ते याच बिंदूवर, कारण वेग शून्य तर अडथळाही शून्य.