सर्दी ‘मुरून’ टीबी होत नाही

हवा बदलली की एक संदेश हमखास मोबाइलवर येऊन पडतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: सर्दी, फ्लू, न्यूमोनिया आणि टीबी हे चार वेगळे आजार नाहीतच, एकाच आजाराच्या चार पायऱ्या आहेत. थंडी बाधली की सर्दी होते, अंगावर काढली की ती छातीत उतरून न्यूमोनिया होतो आणि न्यूमोनिया मुरला की टीबी. म्हणून कफ पिवळा-हिरवा दिसला की ‘जंतू झाले’ समजायचं, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करायचं आणि तीन दिवसांत उतार पडला की बंद करायचं. खाली ‘जनहितार्थ’. हा शब्द दिसला की मी हल्ली जास्त सावध होऊन वाचतो.

यातली सगळ्यात धोकादायक पायरी शेवटची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

‘मुरलेल्या सर्दीचा टीबी होतो’

टीबी होतो तो मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जिवाणूमुळे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो शोधल्याचं जाहीर केलं. सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि ते दोनशेहून अधिक आहेत. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेवर प्रकार सापडलेत. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. विषाणूला वाढायला दुसऱ्याची पेशी लागते. सर्दी महिनाभर अंगावर काढली तरी तिच्या विषाणूचा टीबीचा जिवाणू होणार नाही.

मग ‘आधी साधाच खोकला होता, मग टीबी निघाला’ असं इतके लोक का सांगतात? कारण त्यांनी पाहिलेलं खरंच असतं, फक्त अर्थ चुकलेला असतो. टीबीचा जिवाणू कमालीचा संथ आहे. अनेक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना त्याचा संसर्ग झालेला आहे असा अंदाज आहे, पण त्यांपैकी ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. तोही गाजावाजा न करता येतो: किरकोळ खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घाम, सैल होत जाणारे कपडे. म्हणजे ज्याला महिनाभर सर्दीचा खोकला म्हणत होतो, तो पहिल्यापासून टीबीचाच होता. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकीची तपासणी करायला सांगतात ते यासाठीच.

‘थंडी बाधली की सर्दी होते’

इंग्लंडमधल्या सॉल्सबरीजवळ सर्दीच्या संशोधनाचं एक केंद्र १९४६ ते १९९० अशी तब्बल ४४ वर्षं चाललं. तिथल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ घालून, अंग न पुसता, ओल्या कपड्यांत गार वाऱ्याच्या मार्गिकेत अर्धा तास उभं केलं; नंतर सकाळभर ओले मोजे. बिचारे गारठले, पण नुसत्या गारठ्याने कोणाला सर्दी झाली नाही. सर्दीला विषाणूच लागतो.

थंडीचा संबंध अगदीच नाही, असं मात्र नाही. नाकातलं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास आलं की ऱ्हायनोव्हायरस अधिक जोमाने वाढतो, आणि गारठ्यात माणसं दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या श्वासात बसतात. पण विषाणू आणून देणारा असतो शेजारी शिंकणारा माणूस.

‘अंगावर काढली की छातीत उतरते’

संदेशातलं अर्धं खरं वाक्य हेच. श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचा थर असतो. हे केस सतत एका लयीत हलत असतात आणि धूळ, जंतू अडकलेला चिकट द्राव वर घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. फ्लूचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. केस झडले की सफाई थांबते, आणि एरवी नाका-घशात निमूट राहणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू खाली फुप्फुसात पोचतो. तो अनेक धडधाकट मुलांच्याही नाकात मागच्या बाजूला असतोच. फ्लूमधून उठलेल्या माणसाला चार-पाच दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप भरतो, तो बऱ्याचदा असा.

१९१८ च्या साथीत हेच प्रचंड प्रमाणावर घडलं. तेव्हाच्या मृतांचे जपून ठेवलेले फुप्फुसाचे नमुने पुढे तपासले, तर बहुसंख्यांमध्ये जिवाणूंचा न्यूमोनिया दिसला. त्या वेळी डॉक्टरांचीही दिशाभूल झाली होती. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये रुग्णांच्या थुंकीत सापडलेल्या एका जिवाणूला फ्लूचं कारण ठरवलं होतं, आणि १९१८ मध्ये त्याच्यावर लसी बनवल्या गेल्या. खरा गुन्हेगार, म्हणजे माणसातला फ्लूचा विषाणू, १९३३ मध्ये लंडनला हाती लागला. मागून घुसलेल्याला मूळ आरोपी समजण्याची चूक मोठमोठ्यांकडून झाली आहे. तेव्हा संदेश लिहिणाऱ्याला फार हसू नये.

पण या अर्ध्या खऱ्यावरून ‘प्रत्येक न्यूमोनिया म्हणजे बिघडलेली सर्दी’ असं ठरत नाही. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. परतलेल्यांपैकी अनेकांना न्यूमोनिया झाला, कित्येक दगावले. आधी सर्दी नाही, कोणापासून कोणाला लागण नाही. काही महिन्यांनी कारण सापडलं: लीजिओनेला, पाण्यात वाढणारा जिवाणू. वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरमधून, शॉवरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांवाटे तो फुप्फुसात जातो. मायकोप्लाझ्मा हा आणखी एक जिवाणू. त्याला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच, नसते, त्यामुळे ती भित्तिका मोडून जंतू मारणारं अमॉक्सिसिलिन त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतं. आजारी पक्ष्यांकडून येणारा न्यूमोनिया आहे, बुरशीचा आहे, प्रतिकारशक्ती ढासळल्यावरच डोकं वर काढणारा आहे. या सगळ्यांना न्यूमोनिया म्हणतात, कारण फुप्फुसाला सूज आहे एवढंच त्यातून कळतं. सूज कोणामुळे आली, ते वेगळं शोधावं लागतं.

‘हिरवा कफ म्हणजे जंतू’

हिरवा रंग जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त, हिरव्या रंगाचं विकर (एन्झाइम) असतं. पेशी कामाला लागल्या, फुटल्या की ते कफात मिसळतं. या पेशी विषाणूविरुद्धही धावून येतात, म्हणून साध्या सर्दीतही पाण्यासारखं वाहणारं नाक तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट, पिवळं-हिरवं होतं आणि मग आपोआप निवळतं. सकाळचा पहिला बेडका जास्त गडद दिसतो, कारण तो रात्रभर साचलेला असतो. कफात रक्त दिसलं तर मात्र रंगाची चर्चा सोडून डॉक्टरांकडे जावं.

‘त्याच दिवशी अँटिबायोटिक’

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. तरी ‘पुढे न्यूमोनिया होऊ नये म्हणून आधीच घेऊन ठेवू’ हा युक्तिवाद टिकून आहे. एरवी निरोगी माणसाला सर्दीत असा फायदा होत नाही. जुलाब, अंगावर पुरळ आणि औषधाला निर्ढावलेले जिवाणू मात्र पदरात पडतात. न्यूमोनिया टाळायचा तर फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस आहे.

खरा घात आणखी वेगळाच आहे. लिव्होफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गटातली औषधं टीबीच्या जिवाणूवरही काही प्रमाणात चालतात. टीबीच्या खोकल्याला ‘छातीत उतरलेली सर्दी’ समजून ती घेतली, तर चार दिवस बरं वाटतं, थुंकीच्या तपासणीत जिवाणू सापडेनासे होतात आणि निदान लांबतं. तोपर्यंत घरातली माणसं तीच हवा श्वासात घेत असतात. टीबी टाळायला निघालेला संदेश टीबीलाच लपायला जागा करून देतो.

‘बरं वाटलं की बंद’

इथे थोडं तारतम्य हवं. साध्या न्यूमोनियाला पूर्वी सात ते दहा दिवस औषध देत, आता डॉक्टर अनेकदा पाच दिवसांत थांबवतात. तेव्हा कमी दिवस म्हणजे नेहमीच चूक, असं नाही. पण किती दिवस हे जंतू आणि रुग्ण पाहून ठरतं. टीबीच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढे आणखी चार महिने, असा सहा महिन्यांचा कोर्स असतो. बरं तर दोन-तीन आठवड्यांतच वाटू लागतं; संथ जिवाणू तेव्हाही शिल्लक असतात आणि मध्येच सोडलेल्या औषधांना दाद न देणारा टीबी मागे राहू शकतो.

संदेशात नसलेली, पण हवी होती अशी एक गोष्ट: छातीत उतरलंय का, हे कफापेक्षा श्वासावरून लवकर कळतं. मूल शांत असताना, रडत नसताना, त्याचा अंगरखा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले, तर ते वेगाचे समजतात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा मूल दूध-पाणी घेईनासं झालं असेल, तर थांबू नका. वयस्कर माणसांत न्यूमोनिया कधी कधी तापाशिवाय येतो: अचानक बरळणं, झोपून राहणं, जेवण सुटणं, एवढंच दिसतं. तेव्हाही डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यावं.