चार जुलै, तळं आणि आमचा कचरा

दरवर्षी चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आमचं अख्खं खटलं, दीर-जावा, नणंदा, सगळ्यांची पोरं, इथल्या टाहो तळ्यावर जमतं. आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं! दिवसभर डुंबायचं, कणसं भाजायची, झेंडे मिरवायचे आणि उठताना निम्मा पसारा वाळूतच टाकून गाडीत बसायचं. "उद्या साफ करायला माणसं येतात," म्हणे. अहो, ती पगारी माणसं नसतात, स्वयंसेवक असतात! 2023 साली पाच जुलैला त्यांनी टाहोच्या किनाऱ्यांवरून साडेआठ हजार पौंडांवर कचरा उचलला. लाज वाटायला हवी आपल्याला.

गेल्या खेपेला लिंबू-मिठाने बरबटलेलं फॉइल, फुटकी ट्यूब, प्लॅस्टिकचे चिमुकले झेंडे मी वाळूतून वेचत होते आणि भावजी लांबून ओरडत होते, "वहिनी, चला की, ट्रॅफिक लागेल!" वर पोरांना काठावर फटाके उडवायचेत. टाहोच्या खोऱ्यात खाजगी फटाक्यांना बंदी आहे, भोवती पाइनचं वाळकं जंगल आहे. कितीदा सांगायचं?

हात वर करून या देशाची शपथ घेतली ना आपण? मग त्याचा वाढदिवस त्याच्याच तळ्यात घाण करून कसा साजरा करता? यंदा प्रत्येकाने आपली पिशवी आणायची, आणि ती भरल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही. भावजी, तुम्हीसुद्धा.