नुसत्या आकारावरून राणी ओळखू नका

मुंग्यांची राणी कशी ओळखायची यावरच्या लेखात 'वारुळातली सगळ्यात मोठी ती राणी' एवढीच खूण दिली आहे, ती अपुरी आहे. मुंगळ्यांमध्ये मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्याही चांगल्या दांडग्या असतात. डोकं नको, छाती बघा. उडायच्या स्नायूंमुळे राणीची छाती फुगीर असते आणि पंख गळले असतील तिथे बारीक वण भिंगातून स्पष्ट दिसतात. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारी पंखवाली वाळवी मात्र राणी मुंगी समजून उचलू नका: तिचे चारही पंख सारखे, कंबर नाही, मिशाही सरळ. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

आणि आपल्याकडची 'डायकॅमा इंडिकम' ही काळी मुंगी विसरू नका! तिच्यात वेगळी राणीच नसते. एक कामकरी मादीच अंडी घालते, आणि छातीवर पंखांच्या जागच्या दोन इवल्या गाठी फक्त तिच्याच शाबूत असतात. बाकीच्यांच्या चावून तोडलेल्या. इतकी सुंदर खूण लेखात हवीच होती.

मुंगळ्याची राणी सापडली तर परीक्षानळीत ओल्या कापसासह अंधारात ठेवा. रोज उघडून बघू नका, खाऊही घालू नका. पहिली पिल्लं ती अंगातल्या साठ्यावर आणि पंखांच्या स्नायूंवरच वाढवते.