एकच पदक, प्रत्येक दारात वेगळा भाव

दहावीचा निकाल लागला की नाशकात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "फायलीत चाळीस सर्टिफिकेटं आहेत, शाळाही नावाजलेली, मग ॲडमिशनला फायदा किती?" यावर आधी उलटा प्रश्न विचारावा लागतो, की ॲडमिशन हवी कुठे? तेच पदक अकरावीच्या मेरिटमध्ये काही टक्के वाढवतं, इंजिनिअरिंगच्या सीईटीपुढे त्याला कुणी विचारत नाही, आणि परदेशी अर्जात अख्खं पान त्याच्यासाठी राखलेलं असतं. दार ठरवायच्या आधी सर्टिफिकेटं गोळा करत सुटणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं.

अकरावीपासून सुरू करू. राज्य मंडळात बेस्ट ऑफ फाइव्हचे, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांचे, 500 गुण, त्यावर कला-क्रीडेचे वाढीव गुण. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असेल तर 7, बी ला 5, सी ला 3. सात गुण म्हणजे 1.4 टक्के. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या मागणीतल्या सायन्स कॉलेजांत कटऑफ दशांशावर अडतो, तिथे हे फार झाले. खेळाचे गुण स्पर्धेच्या स्तरानुसार, जास्तीत जास्त 25, म्हणजे पाच टक्के. 2025 च्या दहावीत राज्यात 211 मुलांना 100 टक्के पडले, त्यामागे हेच गणित आहे. सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांना त्यांचं बोर्ड असे गुण देत नाही, आणि अकरावीच्या यादीत दोघं एकाच रांगेत उभे असतात. हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. पण नियम आहे तोवर राज्य मंडळाच्या मुलाने ते गुण सोडणं वेडेपणा आहे.

चित्रकलेचं वेळापत्रक साधं आहे. एलिमेंटरी आठवीपर्यंत, इंटरमीजिएट नववीत, म्हणजे दहावीचं वर्ष मोकळं राहतं. गोदाघाटावर बसून सुरेख जलरंग करणारी मुलंसुद्धा घसरतात ती भूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरात, कारण क्लासमध्ये त्याचा सराव कुणालाच आवडत नाही. ए ग्रेड तिथेच हुकते.

खेळाच्या गुणांत खरी गडबड कागदांची. शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, तिथे पडताळणी होऊन विभागीय मंडळाकडे. अडतं कुठे? एक, सर्टिफिकेटवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळत नाही. 'ओम' आणि 'ॐकार' एकच मुलगा आहे हे कारकुनाला कसं कळावं? दोन, स्पर्धाच मान्यताप्राप्त नसते. सुट्टीत गोव्याला नेऊन भरवलेल्या 'नॅशनल' कराटे आणि स्केटिंग स्पर्धांची पदकं दिसायला जड असतात, गुणांच्या तक्त्यात वजन शून्य. प्रवेश फी भरायच्या आधी एकच विचारा, ही स्पर्धा क्रीडा खात्याच्या यादीतल्या संघटनेची आहे का. तीन, शाळा मुदत चुकवते. चौकशी निकालानंतर करून उपयोग नाही, ती दहावीच्या पहिल्या सत्रातच करायची.

बारावीनंतर चित्र पालटतं. एमएचटी-सीईटी, नीट, जेईई, सगळीकडे परीक्षेचा आकडा बोलतो. 2024 पासून बीबीए-बीसीएलाही सीईटी आली, त्यामुळे बारावीत मिळालेल्या वाढीव गुणांचं महत्त्व तिथेही आटलं.

शाळेच्या नावाचंही तेच. लाखभर फी भरलेल्या शाळेचं नाव केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फॉर्मवर असलं काय नि नसलं काय, मेरिट नंबर हलत नाही. शाळा दोनच ठिकाणी आडून कामाला येते. अकरावीला इनहाउस कोट्याच्या 10 टक्के जागा असतात, म्हणजे शाळेला जोडून त्याच संस्थेचं ज्युनिअर कॉलेज असेल तर त्या मुलांची रांग छोटी. आणि इंजिनिअरिंगला 'होम युनिव्हर्सिटी'. बारावी नाशिकमधून केली तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं क्षेत्र लागू होतं, आणि संलग्न कॉलेजांत मोठा वाटा त्या क्षेत्रातल्या मुलांचा असतो. शाळा कुठली यापेक्षा ती कुठल्या जिल्ह्यात, हे बघतात.

देशात काही दारं वेगळी उघडतात. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पण आधी जेईई ॲडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये यावं लागतं आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या कला-कौशल्य कोट्यात 75 टक्के वजन चाचणी आणि सर्टिफिकेटांना, 25 टक्के सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेला. तिथे मुलगा प्रत्यक्ष गाऊन, नाचून, वादविवाद करून दाखवतो. आपल्याकडचे किती पालक हा कोटा बघतात? फारच थोडे, आणि तिथे तर मला आपल्या मुलांना चांगली संधी दिसते.

आता परदेश. अमेरिकेतली निवडक विद्यापीठं उपक्रम मोजतात हे खरं, आणि नेमकी तिथेच आपली सर्वाधिक फसवणूक होते. 2023 मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं, की एसएटी या तिथल्या प्रवेश परीक्षेत सारखाच स्कोअर असूनही वरच्या एक टक्का श्रीमंत घरांतली मुलं तिथल्या अतिनिवडक कॉलेजांत मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त पोचतात. कारणं तीन: माजी विद्यार्थ्यांची मुलं, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या कामगिरीला मिळणारे गुण. त्या गुणांत महागड्या खासगी शाळांची मुलं वरचढ ठरतात, पण त्यावरून पुढच्या यशाचा काही अंदाज बांधता येत नाही. तो एसएटी आणि अभ्यासातल्या गुणांवरून बांधता येतो. शाळेच्या दर्जाची दुसरी बाजू थॉमस एस्पेनशेड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडली: हुशार मुलांनी भरलेल्या शाळेत वर्गातला क्रमांक घसरतो आणि तो अर्जात नडतो. वासरांत लंगडी गाय शहाणी, ही म्हण आपण हिणवायला वापरतो, पण सिन्नर किंवा दिंडोरीच्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलीने त्या क्रमांकाचा फायदा बिनधास्त घ्यावा.

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या कॉमन ॲप या सामायिक अर्जात जास्तीत जास्त 10 उपक्रम आणि 5 बक्षिसं, तीही नववी ते बारावीची. प्रत्येक उपक्रमाचं वर्णन 150 अक्षरांत, शब्दांत नव्हे. म्हणजे ढोल पथकातल्या मुलाने "पथकात सहभाग, नेतृत्वगुण आणि संघभावना शिकलो" असं लिहिलं तर अक्षरं वाया. त्याऐवजी "40 जणांच्या पथकात नव्या 12 वादकांची तालीम घेतली, ढोल ताणणं-दुरुस्ती सांभाळली, मिरवणुकीचा क्रम लावला" हे लिहिलं की वाचणाऱ्याला मुलगा दिसतो. पुढे आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे भरायचे. इथे लोभ आवरा. दहाही रकान्यांचे तास जोडून पाहा. शाळा, क्लास आणि झोप धरून आठवड्याचे 168 तास ओलांडले, तर तपासणाऱ्याला बेरीज येते. पथक सहा आठवड्यांचं असेल तर सहाच लिहा. दोन-तीन गोष्टी तीन-चार वर्षं टिकवलेल्या पुरतात. ढीगभर 'इंटरनॅशनल ऑलिम्पियाड' पेपरांनी काही साधत नाही.

ब्रिटनला हे फारसं लागू नाही. तिथे विषय वाचतात. 2026 च्या प्रवेशांपासून पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातलं स्वतःबद्दलचं निवेदन, तीन प्रश्नांत विभागलंय, मिळून 4,000 अक्षरं. भौतिकशास्त्राच्या अर्जात फुटबॉलला एखादी ओळ, बास.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण पदकांची नाहीच. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी इंटिग्रेटेड ज्युनिअर कॉलेजात, आणि मुलगा सकाळपासून क्लासमध्ये. अमेरिकी अर्जाला शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, अपेक्षित गुण लागतात, शाळेची माहिती देणारं पान लागतं. ज्या सरांनी मुलाला फक्त हजेरीपटात पाहिलंय, ते काय लिहिणार? म्हणून अर्ज करायचा विचार पक्का असेल तर हजेरी खरी लागणारं कॉलेज निवडा, दोन शिक्षकांना अकरावीतच सांगून ठेवा, आणि प्राचार्यांकडून एक पान बनवून घ्या: बोर्ड कुठलं, तुकडीत किती मुलं, गुणांची विभागणी कशी, कुठले विषय आणि उपक्रम उपलब्धच नाहीत. हे पान नसेल तर परदेशातला माणूस तुमच्या 88 टक्क्यांचा अर्थ आपल्या मनाने लावतो. आणि दाखला काढायला जाल त्याच दिवशी नववीच्या गुणपत्रिकेच्या सही-शिक्क्याच्या तीन प्रती घेऊन ठेवा. तीन वर्षांनी जुन्या शाळेच्या कपाटातून त्या शोधायला लावणं कुणालाच परवडत नाही.